राक्षसभुवन, व्हिएन्ना आणि परत बसवलेले राजे

ऑगस्ट लागला की आमच्या बीड जिल्ह्यात मोबाइलवर राक्षसभुवनची लढाई नव्याने सुरू होते. १० ऑगस्ट १७६३, गोदावरीचा काठ, पेशवे विरुद्ध निजाम. एका बाजूला भगवा, दुसऱ्या बाजूला हिरवा, मागे ढोल-ताशा. खाली मजकूर असतो की धर्माने अधर्माला नदीत बुडवलं. महिन्याभराने १७ सप्टेंबर येतो. मग मराठवाडा मुक्तिदिनाच्या शुभेच्छांबरोबर निजाम, रझाकार आणि आजचा मुसलमान यांना एकाच दावणीला बांधणारे संदेश फिरतात. त्याला उत्तर म्हणून आपल्या पोरांच्या ग्रुपवर शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याचा फोटो झळकतो. त्याने देशाला ५ टन सोनं दान दिलं, तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस होता, ‘आपलं’ राज्य कसं होतं पाहा, वगैरे.

मला या तिन्ही संदेशांचा सारखाच राग येतो. तिघांचं म्हणणं एकच आहे. आधी आपला राजा निवड, मग बोल.

सोन्याचं आधी उरकून घेतो. १९६५ साली निजामाने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत ४२५ किलो सोनं ठेवलं, साडेसहा टक्के व्याजाने. माहितीच्या अधिकारात हे बाहेर आलेलं आहे. दान आणि गुंतवणूक यातला फरक आमच्याकडे मंडईत बसणाऱ्या बागवानाच्या पोरालाही कळतो. तरी फोटो फिरतोच, कारण फोटोला हिशेब नको असतो, अभिमान हवा असतो.

आता राक्षसभुवन. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. लोक ‘शनीचं राक्षसभुवन’ म्हणतात. श्रावणातली चढलेली नदी होती. निजाम अली फौजेचा मोठा भाग घेऊन पलीकडे उतरला होता आणि उरलेली फौज अलीकडच्या तीरावर होती. माधवराव पेशव्यांनी, वय वर्षं १८, या मागे राहिलेल्या फौजेवर झडप घातली. निजाम पलीकडच्या काठावरून पाहत राहिला, पाण्यामुळे त्याला परत येता आलं नाही. अलीकडे त्याचा दिवाण लढता लढता मारला गेला.

या दिवाणाचं नाव राजा प्रतापवंत विठ्ठल सुंदर. देशस्थ ब्राह्मण. दरवर्षी येणाऱ्या संदेशात तो कुठेच नसतो. ‘अधर्मा’साठी प्राण देणाऱ्या ब्राह्मणाला पोस्टरवर कुठे बसवायचं, हा प्रश्न बनवणाऱ्याला पडत असणार.

निजामाच्या छावणीत आणखी कोण कोण होतं? नागपूरचे जानोजी भोसले होते. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन होते. राघोबाने दुखावलेले भवानराव प्रतिनिधी होते. त्याच साली निजामाच्या ज्या फौजेने पुण्यात शिरून जाळपोळ केली, तिच्यात भोसल्यांचे स्वार होते. उलट पेशव्यांची फौज तेव्हा निजामाचा मुलूख लुटत हैदराबादच्या आसपास पोचली होती. दोघंही समोरासमोर येण्याऐवजी एकमेकांची रयत लुटत फिरत होते, आणि या पद्धतीला तेव्हा मुत्सद्देगिरी म्हणायचे.

जानोजी भोसले निजामाकडे का गेले, हे आजच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे. विठ्ठल सुंदराने त्यांना गाजर दाखवलं होतं की पेशव्यांना बाजूला सारू, साताऱ्याच्या छत्रपतींच्या गादीचा कारभार तुमच्या हाती देऊ. म्हणजे राजाला त्याची सत्ता परत मिळवून देण्याच्या नावाखाली मराठी राज्याची सूत्रं निजामाला सोयीच्या हातात ठेवायची. साताऱ्यात छत्रपती रामराजा बसले होते. त्यांना याबद्दल कोणी काही विचारल्याचं दिसत नाही. पुढे पेशव्यांनी जानोजींना ३२ लाखांचा मुलूख कबूल केला आणि जानोजींनी ऐन लढाईच्या तोंडावर फौज बाजूला काढली. राक्षसभुवन जिंकलं ते नदीने, माधवरावांच्या धडाडीने आणि या ३२ लाखांनी. निजामाला ८२ लाखांचा मुलूख सोडावा लागला.

याच्या आदल्या वर्षी, १७६२ मध्ये, राघोबा निजामाची मदत घेऊन सख्ख्या पुतण्यावर चालून गेला होता. आणि १७६६ मध्ये माधवराव पेशवे व निजाम अली दोघे मिळून जानोजींवर चालून गेले. दिलेल्या मुलखातला बराचसा परत घेतला, आणि त्यातला वाटा निजामाला मिळाला. १७६२ ला काका आणि निजाम विरुद्ध पुतण्या. १७६३ ला काका-पुतण्या विरुद्ध निजाम आणि भोसले. १७६६ ला पुतण्या आणि निजाम विरुद्ध भोसले. या चार वर्षांचा धर्म कोणता, ते मला समजावून सांगा.

धर्म त्या काळात नव्हताच, असं मी म्हणत नाही. माणसं धार्मिक होती, शपथा बेलभंडाऱ्याच्या आणि कुराणाच्या व्हायच्या, आणि मोडायच्याही. पण फौज कुठे न्यायची हे ठरवताना समोर महसुलाचा कागद असायचा. कोणी एक इतका मोठा होऊ नये की आपल्याला गिळेल, म्हणून आज याच्याशी तह, उद्या त्याच्याशी. निजामाने टिपूविरुद्ध इंग्रज आणि मराठ्यांशी १७९० मध्ये हात मिळवला तो याच हिशेबाने. टिपू मुसलमान आहे म्हणून निजामाच्या तोफा थांबल्या नाहीत. याला युरोपच्या इतिहासात सत्तासमतोल म्हणतात आणि विद्यापीठात तो फार आदराने शिकवतात. आमच्याकडे घडला की त्याला फितुरी म्हणतात किंवा धर्मयुद्ध, सांगणाऱ्याच्या सोयीप्रमाणे.

म्हणून युरोपकडे वळतो. १७८९ ला फ्रान्समध्ये क्रांती झाली, १७९३ ला राजाचं डोकं उडवलं गेलं, मग नेपोलियन आला आणि त्याने अर्ध्या युरोपातले राजे हुसकावून आपले भाऊ-मेहुणे तिथे बसवले. तो हरल्यावर १८१४-१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात सगळ्या विजेत्यांची परिषद भरली. यजमान मेटरनिख, इंग्लंडचा कॅसलरे, रशियाचा झार अलेक्झांडर, आणि हरलेल्या फ्रान्सकडून तालेराँ. या तालेराँने क्रांतीची चाकरी केली होती, नेपोलियनची केली होती, आता तो जुन्या राजघराण्याचा वकील होता. त्याने तत्त्व मांडलं की ज्या घराण्याचा वारसाहक्क आहे त्यालाच गादी परत मिळाली पाहिजे. त्याच्यासारख्या माणसाने निष्ठेचं तत्त्व मांडावं, यातच त्या परिषदेची सगळी गंमत आहे.

गाद्या परत मिळाल्या. फ्रान्समध्ये अठरावा लुई, स्पेनमध्ये सातवा फर्डिनांड. पण जिथे मोठ्यांना सोयीचं नव्हतं तिथे हे तत्त्व गुंडाळून ठेवलं. पोलंडचं राज्य परत आलं नाही, कारण ते गिळणारे तिघेही परिषदेत मानाच्या जागी बसले होते. व्हेनिसचं हजार वर्षांचं प्रजासत्ताक ऑस्ट्रियाच्या खात्यात गेलं. बेल्जियम डच राजाला दिला. सॅक्सनीचा मोठा तुकडा तोडून प्रशियाला दिला. माणसांची मोजदाद करून मुलूख वाटले गेले, आपल्याकडे वाटणीला बैल मोजतात तसे.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी जो इंग्रज सेनापती उभा होता, तो आपल्या ओळखीचा आहे. १८१५ च्या फेब्रुवारीत कॅसलरेच्या जागी व्हिएन्नाला आला आणि १८ जूनला वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. हाच माणूस बारा वर्षांपूर्वी आमच्या मुलखात घोडा पळवत होता. २३ सप्टेंबर १८०३ ला त्याने शिंदे-भोसल्यांना हरवलं ते असई गाव आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. त्याआधी मे महिन्यात त्याने पुण्यात एक काम केलं होतं. यशवंतराव होळकरांनी पिटाळून लावलेला दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला होता. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने तह लिहून दिला. ६ हजार इंग्रजी पायदळ कायमचं ठेवून घ्यायचं, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि परराज्यांशी बोलणी इंग्रजांना विचारून करायची. मग वेलस्लीच्या संगिनींच्या सावलीत १३ मे १८०३ ला बाजीराव परत पेशवाईच्या गादीवर बसला.

१८१५ ला पॅरिसमध्ये काय झालं? अठरावा लुई वेलिंग्टनच्या फौजेच्या मागोमाग राजधानीत आला. फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकचा दंड बसला. दीड लाखाची परकी फौज फ्रान्सच्या खर्चाने फ्रान्समध्ये राहिली आणि तिचा सरसेनापती वेलिंग्टनच होता. राजा तुमचा, फौज आमची, खर्च तुमचा. वसईचा तहच फ्रेंच भाषेत लिहिला म्हणा ना. राजा परक्यांच्या सामानाच्या गाडीतून आला, असा टोमणा फ्रेंच लोक मारत. पुणेकरांनीही बाजीरावाबद्दल काही कमी मारले नसतील.

इतिहासाची पुस्तकं मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत ठेवतात. युरोपच्या धड्यात तिला राजसत्तेची पुनःस्थापना म्हणतात, आमच्या धड्यात तैनाती फौज. पोरं दोन्ही पाठ करतात आणि पाच-पाच मार्क घेतात.

हा धंदा इंग्रजांनी इथे पॅरिसच्या आधी करून पाहिला होता. १७९९ ला टिपू सुलतान श्रीरंगपट्टणला मारला गेल्यावर म्हैसूरच्या गादीवर जुन्या वाडियार घराण्यातला पाच वर्षांचा मुलगा बसवला. १८१८ ला बाजीरावाचंच राज्य बुडवायचं ठरलं तेव्हा साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आठवले. आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले. (ही आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या बीडच्या आष्टीत काही हौशी मंडळी बापू गोखल्यांच्या मरणाची जागा दाखवायला निघतात, त्यांनी तसदी घेऊ नये.) एल्फिन्स्टनने जाहीर केलं की पेशव्याने कैदेत ठेवलेल्या छत्रपतींना आम्ही त्यांचं राज्य परत देत आहोत. म्हणजे विठ्ठल सुंदराने जानोजींना दाखवलेलं गाजर ५५ वर्षांनी इंग्रजांनी साताऱ्याला दिलं, आणि तेही शिजवून. प्रतापसिंह हुशार निघाले, शाळा काढल्या, रस्ते बांधले, आणि तहाचा अर्थ आपल्या बाजूने लावू लागले. १८३९ ला इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांच्या वतीने रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दारं ठोठावत बसले. १८४८ ला प्रतापसिंहांच्या भावाचं निधन झालं आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. त्याच साली पॅरिसचा राजा पळाला आणि मेटरनिख व्हिएन्नातून पळाला. युरोपात राजांना लोकांनी उठवलं, इथे ज्याने बसवलं त्यानेच उठवलं. फरक असेल तर एवढाच.

आता आपल्या निजामाकडे येतो, कारण माझं खरं भांडण घरातल्यांशी आहे.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली. खर्डा जामखेड तालुक्यात, आमच्या जिल्ह्याला लागून. निजाम अली हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि दौलताबादसह मोठा मुलूख, ३ कोटी रुपये व आपला दिवाण मुशीरुल्मुल्क पेशव्यांच्या हवाली करून सुटला. या लढाईत निजामाकडे रेमाँ नावाच्या फ्रेंच माणसाने तयार केलेल्या कवायती पलटणी होत्या. फ्रान्सच्या क्रांतीचा तिरंगा घेऊन त्या चालत. दख्खनच्या मातीत, मुसलमान राजाच्या पगारावर, राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीचं निशाण! रेमाँला हैदराबादचे मुसलमान मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम म्हणत. त्याच्या नावाचं मूसारामबाग अजून हैदराबादेत आहे.

इंग्रजांनी खर्ड्यात निजामाला मदत केली नाही, गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. त्याच साली सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाचं भांडण लागलं, आणि नाना फडणवीसांनी पुढच्याच वर्षी खर्ड्यात मिळवलेलं बरंचसं निजामाला परत देऊन त्याचा पाठिंबा मिळवला. पुण्यात कैदी म्हणून आलेला मुशीरुल्मुल्क त्या राजकारणातला मोहरा झाला आणि मोकळा होऊन हैदराबादला दिवाणगिरीवर परतला. ज्यांना खर्डा म्हणजे हिंदूंचा अखेरचा विजय वाटतो त्यांनी हे पुढचं पान वाचावं. आणि ज्यांना निजाम म्हणजे इस्लामची ढाल वाटतो त्यांनी त्याच्याही पुढचं वाचावं. १ सप्टेंबर १७९८ ला याच निजामाने, याच दिवाणाच्या सल्ल्याने, तैनाती फौज स्वीकारली. रेमाँ तोवर मेला होता, त्याच्या पलटणी इंग्रजांनी बरखास्त केल्या. दुसऱ्या वर्षी निजामाची फौज टिपूला मारायला इंग्रजांबरोबर श्रीरंगपट्टणला गेली.

तिथून पुढे दीडशे वर्षं निजाम गादीवर राहिला तो बसवलेला राजा म्हणून. फौजेच्या खर्चासाठी १८०० मध्ये टिपूच्या राज्यातून मिळालेले जिल्हे इंग्रजांना देऊन टाकले. मग हैदराबाद कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यातून. तिचा रिसाला आमच्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, तळ देऊन असे. त्यासाठी पामर कंपनीकडून कर्जं काढली, ती फिटेनात, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांना लावून दिले. धाराशिव-रायचूर १८५७ ला निजाम इंग्रजांशी इमानदार राहिला म्हणून १८६० मध्ये बक्षीस मिळाले. वऱ्हाड कधीच परत आलं नाही.

ही फौज कोणाविरुद्ध वापरली जायची? १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव यांनी निजामाविरुद्ध बंड केलं. ते मोडायला रिसाला पाठवला गेला, त्याचा म्होरक्या होता लेफ्टनंट सदरलँड नावाचा इंग्रज. धर्माजी भावासह पकडले गेले. पाच वर्षांनी, १८२३ मध्ये, स्पेनच्या लोकांनी संविधान मागितलं म्हणून फर्डिनांडला पुन्हा बसवायला फ्रान्सची फौज स्पेनमध्ये शिरली. बसवलेला राजा स्वतःच्या रयतेला घाबरतो आणि बसवणाऱ्याची फौज मागतो. माद्रिदचा असो की हैदराबादचा.

‘आपलं राज्य’ म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना मी हे विचारतो. त्या राज्यात बीडच्या पिंजाऱ्याला काय मिळालं? नेकनूरच्या तांबोळ्याला? जहागिरी होत्या त्या मूठभर नवाबांकडे आणि तितक्याच ऐटीत देशमुख-देशपांड्यांकडे. महाराजा किशन प्रसाद त्या राज्याचे पंतप्रधान होते. कूळ म्हणून राबणाऱ्यात रहीमही होता आणि रामाही. सरकारी भाषा उर्दू होती हे खरं, उस्मानिया विद्यापीठ निघालं हेही खरं, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण माझ्या गावात त्या काळात उर्दू लिहिता-वाचता येणारी मुसलमान घरं किती होती, हे आपल्या आजी-नानीला विचारा. आमच्या बायका तेव्हाही मराठीतच भांडत होत्या.

मग १९४७ आलं. निजामाला स्वतंत्र राजा व्हायचं होतं. म्हणजे दीडशे वर्षं इंग्रजांच्या टेकूवर बसलेल्याला टेकू निघाल्यावर वाटलं की आपण आपल्या पायांवर उभे आहोत. त्याच्यासाठी लातूरचा वकील कासिम रझवी रझाकार घेऊन रस्त्यावर आला. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, बायकांची अब्रू घेतली. हे लिहिताना मला ‘पण’ लावायचा नाही. त्यांना विरोध करणाऱ्या ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी हैदराबादेत ठार मारलं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आमच्या अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते. १७ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार पडतो, तसा शोएबुल्लांच्या फोटोलाही पडला पाहिजे. मुस्लिम मोहल्ल्यात आधी पडला पाहिजे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. त्यानंतर काय झालं ते पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून लिहून ठेवलं. २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं दाबून ठेवला.

आणि राजाचं काय झालं? २६ जानेवारी १९५० ला मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला! ज्याच्या हट्टापायी हे सगळं घडलं त्याला नव्या प्रजासत्ताकाने शपथ देऊन मानाच्या खुर्चीत बसवलं, तनखा बांधून दिला, आणि १९५६ ला राज्याची वाटणी होईपर्यंत तो तिथेच होता. कासिम रझवी तुरुंगातून सुटून १९५७ ला पाकिस्तानात गेला. राजा वाचला, सरदार वाचला. जे मेले ते विणकर, शेतमजूर, टांगेवाले. व्हिएन्नाला पोलंडच्या शेतकऱ्याला जितकं विचारलं तितकंच १९५० ला मराठवाड्याच्या विधवांना विचारलं गेलं. दिल्लीलाही तेव्हा समतोल सांभाळायचा होता. निजाम खुर्चीत दिसला की जगाला सांगता येत होतं, सगळं ठीक आहे.

काही अभ्यासू मित्र म्हणतील, व्हिएन्नाच्या समतोलाने युरोपला क्रिमियाच्या युद्धापर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, मोठं युद्ध पाहावं लागलं नाही. शांतता किती मोलाची असते, तू काय जाणणार! खरं आहे, युरोपला शांतता मिळाली. त्याच चाळीस वर्षांत पेशवाई बुडाली, ब्रह्मदेश, अफगाणिस्तान, सिंध आणि पंजाबवर फौजा गेल्या. फ्रान्सच्या परत बसवलेल्या राजघराण्याने आपली डळमळणारी गादी सावरायला १८३० मध्ये अल्जीरियावर आरमार पाठवलं. त्या राजाची गादी त्याच जुलैत गेली, अल्जीरिया मात्र १९६२ पर्यंत फ्रान्सच्या टाचेखाली राहिला. युरोपच्या शांततेचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, हे व्हिएन्नात कोणी पाहिलं नाही, कारण ते भरणारे खोलीत नव्हते.

वेलस्लीच्या मोहिमेच्या वर्षी, १८०३-०४ मध्ये, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस कमी होताच, त्यात होळकरांच्या, शिंद्यांच्या, इंग्रजांच्या फौजांनी उभी पिकं खाल्ली. अहमदनगरच्या वाटेवर माणसं भुकेने मेली. त्या वर्षी बाजीराव परत बसला, निजाम अली मरून त्याचा मुलगा सिकंदर जाह बसला, आणि पोस्टरवर यातलं एवढंच येतं.

आता एक ताजी गोष्ट. मराठा समाजाला कुणबी दाखले मिळावेत म्हणून २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी धुंडाळत होती. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेट मान्य करणारा आदेश काढला. ज्या निजामाचं नाव घेतलं की शिव्या येत होत्या त्याच्या दफ्तरासाठी गावोगाव लोक रांगेत आहेत, आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्याला एकदम भाव आला आहे. मला यात काही गैर वाटत नाही. दफ्तर राजाच्या बापाचं नसतं, ते रयतेचं असतं. गरीब शेतकऱ्याला त्यातून काही मिळत असेल तर मिळावं.

फक्त ते रजिस्टर उघडलंच आहे तर पानं पुढेही उलटा. आमच्या गावच्या एका जुन्या नोंदीत पाटलाच्या पणजोबाच्या नावासमोर कुणबी लिहिलंय, साऱ्याची रक्कम आहे आणि पुढे बाकीचा शेरा आहे. त्याच्या तीन ओळी खाली माझ्या पणजोबाचं नाव आहे. रक्कम थोडी कमी आहे, कारण जमीन कमी होती. शेरा तोच आहे.